'वर्ड्स अँड म्युझिक' (१९४८) : चरित्रपटातील शब्द, सूर आणि मौन

प्रस्तावना :
गीतकार लॉरेन्झ हार्ट (१८९५-१९४३) आणि संगीतकार रिचर्ड रॉजर्स (१९०२-१९७९) यांची भागीदारी १९१९ मध्ये सुरू झाली व हार्टच्या अखेरच्या वर्षापर्यंत टिकली. या जोडीवर मेट्रो-गोल्डविन-मेयर संस्थेने काढलेल्या चित्रपटाचे दिग्दर्शन नॉर्मन टॉरोग यांनी, तर निर्मिती आर्थर फ्रीड यांनी केली. चरित्रपट म्हणून त्याच्या मर्यादांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
हार्टच्या एकाकीपणाची कारणे चित्रपट त्याच्या ठेंगणेपणात व एका गायिकेने दिलेल्या नकारात शोधतो. वास्तविक हार्ट समलिंगी होता आणि मद्यासक्तीने ग्रासलेला होता. १९३४ पासून कठोरपणे लागू झालेल्या निर्मितीसंहितेमुळे समलैंगिकतेचा उल्लेखही अशक्य होता. परिणामी मिकी रूनीने रंगविलेल्या हार्टचे दुःख दिसते. परंतु त्याची संगती लागत नाही. टॉम ड्रेकचा रॉजर्स तर केवळ सद्गुणी मित्र म्हणून उरतो.

याहून मोठी उणीव निर्मितिप्रक्रियेच्या चित्रणात आहे. या जोडीत बहुधा चाल आधी होई आणि हार्ट तिच्यात शब्द बसवी. पुढे ऑस्कर हॅमरस्टाइन यांच्यासह काम करताना रॉजर्सने हा क्रम उलटविला. तयार चालीच्या बंधनातून हार्टची चतुर यमके व कडवट विनोद कसे घडले, हा खरा नाट्यविषय होता. चित्रपटात मात्र गाणी जणू आपोआप अवतरतात.

तथापि, कथानक जे दडपते ते गीत-नृत्यप्रसंग काही अंशी व्यक्त करतात. 'ऑन युअर टोज' (१९३६) या नाटकासाठी जॉर्ज बॅलन्शीन यांनी रचलेले 'स्लॉटर ऑन टेन्थ अ‍ॅव्हेन्यू' हे नृत्यनाट्य जीन केलीने नव्याने बांधले. केली व व्हेरा-एलन यांच्या या प्रसंगात प्रेमाचा शेवट मृत्यूत होतो. संवादांना न पेललेली शोकात्मता येथे देहबोलीतून प्रकटते. लीना हॉर्नची गाणी मात्र कथेपासून अलिप्त ठेवलेली आहेत. दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय कलावंतांचे प्रसंग कापता यावेत, अशी ही तत्कालीन रीत होती. म्हणजे मौन केवळ हार्टपुरते मर्यादित नव्हते.

निष्कर्ष :
संहितेचे बंधन मान्य करूनही हा चित्रपट दोषमुक्त ठरत नाही. कारण सहनिर्मितीचे श्रम दाखविण्यास कोणतीही मनाई नव्हती. शीर्षकात 'शब्द' अग्रस्थानी असले, तरी त्या शब्दांचा कर्ता चित्रपटाला गवसत नाही. तो त्याच्या गीतांतच शोधावा लागतो.