गाणे ऋतूचे, निवेदक गावाचा

रेडिओवरील संगीत-कार्यक्रमाचा निवेदक कोणत्या कसोटीवर पारखावा? आमच्या मते, गाणे व श्रोता यांच्यामध्ये तो किती अदबीने उभा राहतो, यावर. ३ डिसेंबर १९५२ पासून रेडिओ सिलोनवर दर बुधवारी ‘बिनाका गीतमाला’ सादर करणाऱ्या अमीन सयानींनी आपलेपणाचा धडा घालून दिला. परंतु पुढे तेथे गाण्यांची चढाओढ सुरू झाली. एका आठवड्याचे वरचे गीत दुसऱ्या आठवड्यात पायरी उतरू लागले.

तेलंगणातील माचनूर येथे १५ ऑक्टोबर २००८ रोजी सुरू झालेल्या ‘संघम रेडिओ’ने निराळी वाट दाखविली. दलित शेतकरी स्त्रियांनी चालविलेल्या या सामुदायिक केंद्राने पेरणीची, सणांची गाणी गावच्या बायांच्याच आवाजात व त्यांच्याच बोलीत ऐकविली. असे गाणे पायरी उतरत नाही. ऋतू फिरला की ते परत येते.

यात धोका एकच संभवतो : नेमाची निव्वळ सवय होणे. पावसाने दडी मारली असता केवळ पंचांग पाहून पेरणीचे गाणे लावणे, ही बेपर्वाईच होय. निवेदकाने आधी बांधावर जाऊन यावे, मगच ध्वनिक्षेपकापुढे बसावे. गावाचे दुःख ज्याला ठाऊक, त्यानेच गावाला गाणे ऐकवावे, असे आम्हांस वाटते.