बेने इस्राएल समाजाच्या सणांची मराठी नावे : केहिमकरांच्या अर्थनिर्णयाची चिकित्सा

प्रस्तावना :

महाराष्ट्राच्या लोकसंस्कृतीचा विचार करताना ज्यू धर्मीयांच्या सणांचा उल्लेख क्वचितच होतो. वस्तुतः कोकणातील बेने इस्राएल हा समाज पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आला आहे. अलिबागजवळील नवगाव येथे जहाज फुटून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले, अशी या समाजाची परंपरागत श्रद्धा आहे. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारी घाणा बंद ठेवण्याचा नेम यांमुळे गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. या समाजाने आपल्या सणांना दिलेली मराठी नावे हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या इतिहासग्रंथात आढळतात. १८९७ मध्ये इंग्रजीत लिहिलेला हा ग्रंथ १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. प्रस्तुत लेखात या नावांचे स्वरूप आणि केहिमकरांनी त्यांवरून काढलेले निष्कर्ष यांची चिकित्सा केली आहे.

नावांचे स्वरूप :

हिब्रू पंचांगातील तिश्री महिन्याच्या पहिल्या दिवशी येणारा नववर्षाचा सण, म्हणजे रोश हशाना, हा येथे 'नव्याचा सण' होता. त्यामागोमाग नव्या धान्याची खीर करून 'खिरीचा सण' साजरा होई. तिश्रीच्या दहाव्या दिवशीचा योम किप्पूर हा प्रायश्चित्ताचा दिवस. त्याला 'दारफाळणीचा सण' म्हणत. कारण त्या दिवशी दारे लावून, उपवास करून, बाहेरच्यांचा संपर्क टाळून घरातच राहावयाचे असे. दुसऱ्या दिवशी 'शिळा सण' येई. अदार महिन्यातील पुरीम हा 'होळीचा सण' झाला. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक ज्या दिवशी पाळतात तो आव महिन्याचा नववा दिवस वालाच्या बिरड्यावरून 'बिरड्याचा सण' म्हणून ओळखला गेला. सिन्नर-नाशिककडच्या घाटावरील वाचकाला हा शब्द कदाचित थांबून समजून घ्यावा लागेल. कोकणातील स्वयंपाकघरात मात्र तो रोजचा आहे.

यांपैकी वल्हांडणाच्या, म्हणजे पेसाहच्या, नावाचा विचार विशेष उद्बोधक ठरतो. या सणात आंबवलेले अन्न वर्ज्य असते. मिसर देशातून घाईने निघताना पीठ आंबवण्यासही अवसर मिळाला नाही, ही त्यामागील कथा. कोकणात मात्र रोजची तांदळाची भाकरी मुळातच बिनआंबवलेली. तेव्हा निषेध पाळावयाचा कशाचा? केहिमकरांच्या नोंदीनुसार कालवणासाठी वापरावयाच्या आंबट द्रवाचे मडके या काळात झाकून ठेवत आणि त्या झाकण्यावरूनच सणाला नाव पडले होते. मूळ कथा विस्मृतीत गेली. पण आंबटाला हात लावावयाचा नाही एवढे घराने लक्षात ठेवले.

या नावांतून एक सूत्र दिसते. सणाचे नाव ग्रंथातील घटनेवरून न पडता घरात प्रत्यक्ष होणाऱ्या कृतीवरून पडले आहे. दार लावणे, मडके झाकणे, खीर शिजवणे, बिरडे करणे या साऱ्या कृती आहेत. हिब्रू ग्रंथांचे अध्ययन खंडित झालेल्या समाजात परंपरेचा भार प्रामुख्याने घराने, आणि घरातही स्त्रियांनी, वाहिला असावा, असे या नावांवरून अनुमान करता येते.

केहिमकरांचा अर्थनिर्णय :

केहिमकरांनी या नावांचा उपयोग मुख्यत्वे कालनिश्चितीसाठी केला. हनुक्का हा सण समाजाला ठाऊक नव्हता. मंदिराच्या पुनःशुद्धीची ती घटना इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील. म्हणून पूर्वजांचे स्थलांतर त्यापूर्वीचे असले पाहिजे, असा त्यांचा तर्क आहे. 'रोजा' किंवा 'रमजान' अशी नावे असलेले उपवास मात्र नंतरच्या काळात आले असावेत, असे ते मानतात. धार्मिक शुद्धतेविषयी शंका घेतल्या जाणाऱ्या समाजाच्या प्रवक्त्याला प्राचीनत्व सिद्ध करणे निकडीचे वाटले, हे समजण्यासारखे आहे. तथापि, नाव केव्हा पडले यावरून आचार केव्हा आला हे ठरत नाही. जुन्या आचाराला नवे नाव मिळू शकते. 'होळीचा सण' हे नाव तर उघडच कोकणात पडलेले. पण पुरीम त्याहून कितीतरी जुना आहे.

हनुक्काच्या अभावाचा युक्तिवाद मात्र सहज बाजूला सारता येत नाही. हनुक्का हा दिवे लावण्याचा, म्हणजे घरातील कृतीचाच सण. फाल्गुन पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या पुरीमला होळीने आधार दिला, तसा दिवाळीने हनुक्काला का दिला नाही, हा प्रश्न उरतोच. येथे केहिमकरांच्या तर्काला काही बळ आहे हे मान्य केले पाहिजे.

याउलट, ही नावे म्हणजे केवळ हिंदू प्रभावाचा पुरावा, हे मतही अपुरे ठरते. 'होळीचा सण' म्हटले तरी पुरीमची तिथी हिब्रू पंचांगानुसारच धरावयाची. दोन्ही पंचांगांत अधिक महिना असला तरी तो एकाच वर्षी येत नसल्याने काही वर्षी पुरीम आणि होळी यांत महिन्याचे अंतर पडते. शेजाऱ्याचा शब्द घेतला म्हणून शेजाऱ्याचा सण घेतला असे होत नाही.

नामांतर आणि हानी :

एकोणिसाव्या शतकात कोचीनचे ज्यू शिक्षक आणि जॉन विल्सन यांच्यासारखे स्कॉटिश मिशनरी यांच्यामुळे समाजात हिब्रूचे ज्ञान पसरले. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाच्या 'हग्गादा' या ग्रंथाची मराठी भाषांतरासह आवृत्ती १८४६ मध्ये मुंबईत आणि सचित्र आवृत्ती १८७४ मध्ये पुण्यात छापली गेली. सणाची संपूर्ण कथा मराठीत हाती आली. परंतु याच प्रक्रियेत सणांची मराठी नावे मागे पडली. १९४८ नंतर समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलला गेले आणि दारफाळणी, बिरडे ही नावे प्रामुख्याने ग्रंथांतच उरली. ज्याला हिब्रू प्रतिशब्द मिळाला नाही तो एलियाहू हन्नाबीच्या स्मरणार्थ होणारा 'मलिदा' मात्र रायगड, मुंबई आणि इस्राएलमध्येही आजवर टिकून आहे. पोहे, खोबरे आणि साखर यांच्या या नैवेद्याचे नाव टिकले, कारण त्याची जागा घेणारा आचार ग्रंथात नव्हता.

निष्कर्ष :

केहिमकरांनी ही नावे नोंदवली नसती तर त्यांतील बहुतेक कायमची हरवली असती. हे त्यांचे ऋण मोठे आहे. मात्र त्यांना ती समाजाच्या वयाचा दाखला म्हणून हवी होती. त्या हेतूमुळे नाव देणाऱ्यांच्या घराकडे, स्वयंपाकघराकडे त्यांचे दुर्लक्ष झाले. ही नावे अपभ्रष्ट ज्यू धर्माची खूण नसून, ग्रंथ हाती नसताना धर्म सांभाळण्याची मराठी रीत आहेत. मराठी भाषा आणि लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी त्यांची गणना परक्या समाजाच्या नोंदींत न करता मराठीच्या संचितात करणे आवश्यक आहे.