एक तारा, दोन अर्थ

भाषाविज्ञान हे शास्त्र एक असले, तरी त्यातील लेखनाचे संकेत एक नाहीत. एका लहानशा चिन्हावरून हे ध्यानात येते. ऑगुस्ट श्लायखर यांनी एकोणिसाव्या शतकात रूढ केलेली तारांकनाची रीत ऐतिहासिक अभ्यासात आजही पाळली जाते. संस्कृत ‘अश्व’ आणि लॅटिन ‘एक्वुस’ यांच्यामागे कल्पिलेल्या मूळ रूपाला तारा लागतो. ‘हस्त’, ‘हत्थ’, ‘हात’ यांना तो लागत नाही, कारण ही तिन्ही रूपे प्रत्यक्ष आढळतात. येथे तारा म्हणजे असे रूप पूर्वी असले पाहिजे, हा दावा. चॉम्स्की यांच्या १९५७ च्या ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’नंतर वाढलेल्या वाक्यविचारात मात्र ‘त्याने घरी गेला’ यावर तारा पडतो, तो असे वाक्य भाषेत संभवत नाही हे सांगण्यासाठी. एका ठिकाणी अस्तित्वाचे अनुमान, दुसऱ्या ठिकाणी अस्तित्वाचा नकार!

हा भेद केवळ चिन्हाचा नव्हे, पुराव्याचा आहे. झ्यूल ब्लोक यांच्या मराठीविषयक ग्रंथात (१९२०) जुन्या रूपाला ग्रंथाचा वा लेखाचा आधार लागतो. वाक्यविचारातील लेखक उदाहरण स्वतः रचतो आणि त्याचा निवाडाही बहुधा स्वतःच करतो. लबाव यांनी १९६२ साली न्यूयॉर्कमधील तीन दुकानांत २६४ व्यक्तींचे उच्चार टिपले; त्यांच्या परंपरेत कोष्टकावाचून विधान उभेच राहत नाही.

प्रबंधलेखनाचे सामान्य नियम समास आणि संदर्भ यांविषयी काटेकोर असतात. या भेदाविषयी ते बहुधा मौन पाळतात. मग स्वरचित वाक्याला ‘आधार कोणता?’ असे विचारणारा परीक्षक विद्यार्थ्यावर अन्याय करतो. येथे योग्य प्रश्न वेगळा आहे: हा निवाडा कोणाचा? वाक्यविचाराच्या लेखनाचे खरे वैगुण्यही येथेच आहे. ‘मी भात खाल्लो’ यावर प्रमाणभाषेत वाढलेला लेखक निःशंकपणे तारा घालील. कानडीच्या सान्निध्यातील मराठीत मात्र तशी रचना बोलली जाते. त्या ताऱ्याने एक बोली पुराव्यातूनच वगळली जाते, आणि वाचकाला त्याचा पत्ताही लागत नाही. ऐतिहासिक अभ्यासकाचा तारा निदान आपण अनुमान आहोत हे कबूल करतो. दुसऱ्या ताऱ्याशेजारी निवाडा देणाऱ्यांची संख्या आणि बोली नोंदविण्यास फार तर एक ओळ लागेल.