ठकीचे लग्न आणि बाळकरामाचे हसू

राम गणेश गडकरी हे नाव उच्चारले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे ‘एकच प्याला’मधील सिंधू उभी राहते, नाहीतर गोविंदाग्रजांची प्रेमकविता आठवते. या दोन प्रभांमध्ये त्यांचे तिसरे नाव बरेचसे झाकोळून गेले आहे. ‘बाळकराम’ या टोपणनावाने त्यांनी जे विनोदी लेखन केले, ते आज एखाद्या पाठ्यपुस्तकी उताऱ्यापुरते आणि जुन्या ग्रंथालयांच्या कपाटांपुरते उरले आहे. विदर्भातल्या वाचकाला तरी या लेखनाविषयी परकेपणा वाटू नये. गडकऱ्यांचा देहान्त २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे झाला. आणि ज्यांना त्यांनी गुरुस्थानी मानले ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकर १८७१ साली नागपुरात जन्मले, आणि खामगाव, जळगाव-जामोद या भागात त्यांनी वकिली केली. कोल्हटकरांचा पहिला विनोदी लेख १९०२ सालचा, तर ‘सुदाम्याचे पोहे’ १९१० सालचे. मराठी विनोदी निबंधाची आरंभीची मळणी अशी आपल्याच खळ्यात झालेली आहे.

मृत्यूसमयी गडकऱ्यांचे वय अवघे तेहतीस वर्षांचे होते, हे बाळकराम वाचताना नेहमी ध्यानात ठेवावे. हे तरुण माणसाचे लेखन आहे. त्यात जाणत्या वयाचा संथपणा नाही, तोलून-मापून बोलणे नाही. आहे तो उसळता उत्साह, शब्दांवरून उड्या मारीत जाणारी कोटिबाज भाषा, आणि जे जे लोकप्रिय आहे त्याची नक्कल करून पाहण्याची अनावर हौस. त्याचे विषयही तरुणाचेच आहेत : नाटक, कविता, अभ्यास आणि लग्न.

नुसती शीर्षके वाचली तरी त्याच्या विनोदाची जात कळते. ‘रिकामपणाची कामगिरी’, ‘लग्नाच्या मोहिमेची पूर्वतयारी’, ‘कवींचा कारखाना’, ‘छोट्या जगूचा रिपोर्ट’. मोहीम हा शब्द लष्करातला, कारखाना गिरण्यांच्या नव्या युगातला, रिपोर्ट सरकारी कचेरीतला. विसाव्या शतकाच्या आरंभी सामान्य मराठी माणसाच्या आयुष्यावर ज्या तीन सत्तांची छाया पडली होती, त्या तिन्हींची भाषा उचलून हा लेखक ती घरातल्या माजघरात आणून ठेवतो. मुलीसाठी स्थळ पाहायला निघालेले चार गृहस्थ सेनानींच्या भाषेत वावरू लागले की हशा तर पिकतोच; पण त्या हशाच्या पोटात एक निरीक्षणही असते. वधूपित्याच्या लेखी लग्न जुळविणे ही खरोखरच स्वारी होती. मुलींच्या विवाहाचे किमान वय चौदा वर्षे ठरविणारा सारडा कायदा १९२९ साली आला. त्याआधी न्हाणवलीपूर्वी मुलगी उजवली नाही तर कुळाला पाप लागते, अशी धास्ती बाप वाहत असे, आणि वरपक्षाला ती धास्ती नेमकी ठाऊक असे. हुंडा त्या धास्तीच्या मापाने वाढे.

गडकऱ्यांच्या काळी संगीत नाटक ही करमणूक होती, तशी ती फॅशनही होती. बालगंधर्वांचे लुगडे नेसणे आणि केशभूषा पाहून घरंदाज स्त्रिया आपली वेशभूषा ठरवीत. नंतरच्या काळात चित्रपटाने जे स्थान घेतले आणि आज भ्रमणध्वनीच्या पडद्याने घेतले आहे, ते तेव्हा रंगमंचाचे होते. गडकरी या जगाचे बाहेरून आलेले टीकाकार नव्हते. शिक्षणाची वाट अर्धवट सोडून ते किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले आणि तिथल्या बालनटांचे शिक्षक झाले. नाटकाच्या विंगेतले उन्हाळे-पावसाळे त्यांनी पाहिले होते. म्हणून जेव्हा ते ‘दीडपानी नाटक’ लिहून नाटकांच्या ठरावीक साजशृंगाराची टर उडवितात, तेव्हा त्या टिंगलीला घरचा वास येतो. ‘कवींचा कारखाना’ लिहिणारा हा स्वतः गोविंदाग्रज होता. ठोकळेबाज कवितेवर हसताना आपल्या वहीतली पानेही त्या हास्याच्या टप्प्यात येतात, हे त्याला कळत असलेच पाहिजे. मला या लेखांतील विनोद सर्वांत निरोगी वाटतो तो याचसाठी. हसणाराही त्यात थोडा सोलला जातो. पुढे १९२५ साली आचार्य अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’मध्ये कवींची जी विडंबने केली, त्यांत चातुर्य गुरूइतकेच आहे, पण अत्रे तिथे बहुधा खुर्चीवर बसून हसतात, बाळकराम मात्र त्याच सतरंजीवर बसलेला असतो. हे माझे मत आहे, अत्र्यांच्या चाहत्यांनी ते क्षमाशीलतेने घ्यावे.

आमच्या पवनीच्या आसपास राहणाऱ्यांना बाळकराम समजावून सांगावा लागू नये, याला आणखी एक कारण आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या झाडीपट्टीत दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते आणि तिच्या निमित्ताने रात्रभर नाटक चालते. वडसा-देसाईगंज येथे नाटक मंडळ्यांचा मोठा तळ असतो. तिथून गाड्या भरून पडदे, वाद्ये आणि नट गावांत उतरतात. नाटकाला पाहुणे येतात, आणि पाहुणे आले म्हणजे घरात उपवर मुलगी किंवा मुलगा असल्याची चर्चा निघतेच. कितीतरी सोयरिकी मंडईच्या दिवसांत ठरतात. रात्री मंचावर नाटक, सकाळी ओसरीवर स्थळाची बोलणी. बाळकरामाचे दोन लाडके विषय आमच्याकडे असे एकाच मांडवात भेटतात. झाडीपट्टीच्या रंगभूमीवर विनोदी पात्राचा मान मोठा आहे. गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, त्यांची लोकांतली ख्याती प्रामुख्याने विनोदी भूमिकांसाठीच आहे. पहाटेच्या गारठ्यात घोंगडी पांघरून बसलेल्या हजारोंच्या समुदायाला जागे ठेवणे हे काम करुणरसाच्या आवाक्यातले नाही. ते काम विनोदी नटाचे.

आता ठकीकडे वळू. ‘रिकामपणाची कामगिरी’मधील लग्नविषयक लेखांत तिंबूनाना आणि त्यांचे साथीदार ठकीसाठी वर शोधत हिंडतात. ‘वरसंशोधन’ आणि ‘लग्न मोडण्याची कारणे’ या लेखांत स्थळे कशी येतात, बोलणी कुठे अडतात आणि कोणत्या क्षुल्लक निमित्ताने मोडतात याचा सारा बाजार बाळकरामाने उघडा करून दाखविला आहे. वरपित्याचा हावरेपणा, मध्यस्थांची लुडबुड, पत्रिकेचा आडोसा, मानापमानाचे नाटक यांपैकी काहीही त्याच्या नजरेतून सुटलेले नाही. हुंड्याविरुद्ध शंभर व्याख्याने जे साधणार नाहीत ते असे लेख साधतात, असे म्हणण्याची प्रथा आहे. अंशतः ते खरेही आहे. मात्र या लेखांत दोन प्रकारचे हसू एकत्र मिसळले आहे, आणि त्यांची निवड केल्यावाचून पुढे जाता येत नाही.

पहिले हसू बाजारावर आहे. दुसरे हसू ठकीच्या रूपावर आहे. मुलीच्या रंगावर, चेहऱ्यावर, ती खपत नाही या गोष्टीवर वाचकाला हसविताना लेखक नकळत पाहायला आलेल्या वरपक्षाच्याच बैठकीवर जाऊन बसतो. त्यांची हाव त्याला हास्यास्पद वाटते, पण त्यांची नजर तो उसनी घेतो. आणि हे सर्व चाललेले असताना ठकीच्या मनात काय आहे हे बाळकराम आपल्याला जवळजवळ सांगतच नाही. कवींवर आणि नाटकवाल्यांवर हसताना हसणाऱ्याने आपलाही वाटा भरला होता. इथे सारे बिल एका मुलीच्या नावावर फाडले आहे.

‘काळच तसा होता’ हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. ज्या लेखणीने ठकी लिहिली त्याच लेखणीने १९१२ साली ‘प्रेमसंन्यास’मध्ये विधवेच्या पुनर्विवाहाचा प्रश्न रंगमंचावर आणला होता. तीच लेखणी पुढे सिंधूपर्यंत पोहोचली. गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर महिन्याभरातच गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणले आणि बालगंधर्वांच्या सिंधूने प्रेक्षकांना रडविले. त्याच नाटकात तळीराम आणि त्याचे मद्यपी मंडळ हसविण्याचे काम करतात. पण तिथे हशा ओसरला की शेजारच्या घरातला अंधार दिसतो. विनोदाची किंमत कोण मोजते आहे हे नाटककार गडकरी विसरत नाहीत. म्हणजे स्त्रीचे दुःख दिसण्याची दृष्टी त्यांच्यापाशी होती. बाळकरामाचा अंगरखा चढविला की मात्र ती बाजूला ठेवली जाई. कोल्हटकरांच्या सुदाम्याशी तुलना केली तर हे अधिक स्पष्ट होते. सुदामा रूढींवर हसतो, भोंगळ धर्माचरणावर हसतो, आणि त्या रूढी पाळणारा मूर्ख म्हणून स्वतःलाच पुढे करतो. गुरूची ही सावधगिरी शिष्याने सर्वत्र पाळली नाही. शिष्याची भाषा मात्र गुरूहून चपळ आहे, आणि चपळ भाषेला कुठे थांबावे ते लवकर कळत नाही. एक कोटी जमली की दुसरी हात धरून येते. ‘लग्न मोडण्याची कारणे’ वाचताना काही ठिकाणी मजकूर विषयामागे न जाता विषयच मजकुरामागे फरपटत असल्यासारखा वाटतो.

इथे एक विषयांतर. लोकांसमोर बोलण्याचे काम ज्यांच्या वाट्याला येते त्यांना हशा किती स्वस्तात मिळतो हे अनुभवाने ठाऊक असते. सासूवर एक वाक्य, सुनेच्या माहेरावर एक, काळ्या रंगावर एक, सभा हसते. विवाहापूर्वी मार्गदर्शनासाठी जोडपी समोर येऊन बसतात तेव्हा मुलगी बहुधा बोलत नाही. प्रश्न तिला विचारला तरी उत्तर वडील देतात, नाहीतर मामा. ठकी काही शंभर वर्षांपूर्वीची राहिलेली नाही.

परंतु बाजाराचे पारडे अलीकडे विलक्षण रीतीने फिरले आहे. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही, हा आज खेड्यापाड्यांतील तरुणांच्या विनोदाचा मुख्य विषय झाला आहे. आमच्याकडची मुले झाडीबोलीत लहान लहान चित्रफिती तयार करतात, चित्रपटगीतांची मोडतोड करतात, आणि पुष्कळदा त्यांचा नायक असतो तो धानाच्या बांधीत उभा असलेला, पस्तिशीला टेकलेला, बायको न मिळालेला मुलगा. नोकरी आहे का, शहरात घर आहे का, आईवडील सोबत राहणार का, अशी चौकशी आता वराची होते. २०२२ सालच्या डिसेंबरात सोलापुरात अविवाहित तरुण नवरदेवाच्या पोशाखात, काही तर घोड्यावर बसून, जिल्हाधिकारी कार्यालयावर चालून गेले. ‘लग्नाची मोहीम’ हा शब्दप्रयोग शब्दशः खरा करून दाखविणारे ते दृश्य पाहून पुष्कळांना हसू आले. त्या मोर्च्याची मागणी मात्र हसण्यासारखी नव्हती. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा १९९४ चा कायदा कठोरपणे अमलात आणा, असे ते तरुण म्हणत होते. बाळकरामाच्या काळी नकोशी झालेली ठकी निदान घरात वाढत तरी होती. पुढच्या पिढ्यांत पुष्कळ ठकींना तेवढेही लाभले नाही. विनोदी लेखामुळे असे काही घडते, असा आरोप कोणी करू नये, मीही करीत नाही. मात्र मुलगी म्हणजे ओझे, ही समजूत हशातून हशाकडे किती सुखाने प्रवास करते, ते या लेखांच्या निमित्ताने पाहता येते.

आजच्या या तरुणांच्या विनोदात एक गोष्ट मला आशादायक वाटते. ते हसतात ते स्वतःवर. ज्याला मुलगी नाकारते तोच पडद्यावर उभा राहून आपल्या नकाराची गोष्ट सांगतो. हे बाळकरामाच्या नाटकविषयक लेखांचे गोत्र आहे, ठकीच्या लेखांचे नव्हे. अर्थात त्यातही मधूनच ‘आजकालच्या पोरी’ असा सूर लागतो आणि मग पुन्हा जुनेच बिल जुन्याच नावावर फाडले जाते. शिवाय भाषेचे म्हणावे तर यांच्यापैकी फारच थोड्यांनी बाळकराम वाचला असेल. वाचला असता तर एकच विनोद दहा वेळा न सांगता त्याच दमात दहा निराळे विनोद कसे सांगावेत, हे तरी त्यांना कळले असते.

बाळकराम टाकून द्यावा असे वरील विवेचनावरून कोणी समजू नये. लहान मुलाच्या डोळ्यांनी थोरांचे जग पाहण्याची युक्ती ‘छोट्या जगूचा रिपोर्ट’मध्ये त्याने हाती घेतली आहे. खालून पाहणाऱ्याला घर जसे दिसते तसे वरून पाहणाऱ्याला दिसत नाही, हे त्याला उमगले होते. जगूच्या हाती दिलेली ती लेखणी ठकीच्या हाती देण्याचे मात्र राहून गेले. तेहतिसाव्या वर्षी सावनेरच्या रोगशय्येवर ‘भावबंधन’ पुरे करून निघून गेलेल्या माणसाकडे याचा जाब तरी किती मागावा?

आपल्याकडील एखाद्या वाचक मंडळाला यंदा बाळकराम हाती घ्यावयाचा असेल तर आरंभ ‘सकाळचा अभ्यास’पासून करावा. ते नाटुकले आहे, पाठांतराच्या नावाखाली चाललेला तो गोंधळ मुलांना लगेच आपला वाटेल. मग ‘कवींचा कारखाना’, विशेषतः ज्यांच्या कविता या अंकासाठी येत असतात त्यांनी. ‘लग्न मोडण्याची कारणे’ हा लेख मात्र एकट्याने मनात वाचू नये. मुले आणि मुली, सासवा आणि सुना एकत्र बसलेल्या असताना कोणीतरी तो मोठ्याने वाचावा, आणि वाचणाऱ्याने मधूनमधून मान वर करून कोणत्या वाक्याला कोण हसत नाही ते पाहून ठेवावे.