मॉडेल शीटमधला वर्ण

कार्टून मालिका म्हणजे पोरांची करमणूक. समीक्षेने तिच्याकडे कशाला वळायचे, असा आपल्याकडे समज आहे. तो सोडला पाहिजे. कथा-कविता वाचकापर्यंत पोहोचण्याआधीच त्याच्या बालमनावर या चित्रांनी आपले काम उरकलेले असते.

अशी मालिका एका हाताने काढली जात नाही. अनेक चित्रकारांच्या हातून एकच पात्र तंतोतंत उतरावे म्हणून आधी त्याची मॉडेल शीट तयार होते. समोरून, बाजूने, पाठीमागून ते कसे दिसते. रागावले की भुवया कशा होतात. इतरांशेजारी त्याची उंची किती. अंगाचा रंग कोणता. शीट मंजूर झाली की चित्रकाराने तिच्याबाहेर जायचे नाही. जन्माआधीच रूप, रंग आणि जागा ठरवून देणाऱ्या व्यवस्थेची ओळख आपल्याला कोणी करून द्यायला नको! तंत्र म्हणून यात दोष नाही. प्रश्न आहे तो ठरवणारा कोण, हा.

2008 पासून पोगो वाहिनीवर गाजलेली 'छोटा भीम' पाहा. भीम उजळ. चुटकी उजळ, वर गालांवर गुलाबी छटा. आणि भीमावर जळणारा, दांडगाई करून फजीत होणारा कालिया मात्र सावळा. नावही रंगावरूनच. कथा सुरू होण्यापूर्वीच रंगाने निकाल दिलेला असतो. वर्ण या शब्दाचा एक अर्थ रंग आहे, हे विसरता येत नाही. डोंगरकड्यासारख्या गावातल्या वस्तीतले सावळे पोर या पडद्यात स्वतःला कुठे शोधणार? त्याच्या घरात 'भीम' या नावाला वेगळा अर्थ आहे. पडद्यावरचा भीम लाडू खाऊन बळ मिळवतो; आपला भीम ग्रंथ वाचून बलवान झाला.

याला पर्यायी परंपरा नव्हती असे नाही. 1956 साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग उभा राहिला आणि 1957 मध्ये तेथून जातककथेवरचा 'द बॅनियन डिअर' निघाला. याच विभागात घडलेल्या राम मोहन यांनी 1990 च्या दशकात युनिसेफसाठी 'मीना' साकारली. भारत, बांगलादेश, पाकिस्तान, नेपाळ इथल्या मुलींना ती आपली वाटावी म्हणून तिचा पोशाख विचारपूर्वक ठरवला गेला. आंब्याची मोठी फोड भावालाच का, हा मीनाचा प्रश्न मोलाचा आहे. पण सर्वांची होण्यासाठी तिच्या गावाला जातच ठेवली नाही. मीना शाळेच्या दारापर्यंत पोहोचते; दाराच्या आत कोणी कुठे बसायचे, हा प्रश्न तिथे उठत नाही. साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर बसणाऱ्या बाबासाहेबांना विचारा, तो प्रश्न किती मोठा होता! चित्रातून गावकूस पुसले म्हणून गावातले पुसले जात नाही.

2011 च्या 'भीमायन'मध्ये दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी बाबासाहेबांची कथा चौकोनी चौकटी झुगारून स्वतःच्या रेषेत मांडली. ते पुस्तक आहे, मालिका नव्हे. पण दिशा तीच आहे. केवळ निषेधाने पडदा बदलणार नाही. चित्रकला शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी आपल्या माणसांच्या मॉडेल शीट स्वतः काढल्या पाहिजेत. रंग कोणता भरायचा, हे ठरवण्याचा अधिकार हाती घेणे, हाही सांस्कृतिक संघर्षच आहे.