मोजलेलं आणि मानलेलं

9 सप्टेंबर 2020 रोजी वणव्यांच्या धुरामुळे सॅन फ्रान्सिस्कोचं आकाश भरदिवसा नारिंगी झालं. लोकांनी मोबाइल काढले, फोटो टिपले, आणि पडद्यावर उमटलं करडं, ढगाळ आकाश. कॅमेरे बिघडले नव्हते, नेमून दिलेलं काम चोख करत होते. एवढा नारिंगी उजेड निसर्गात नसतो, तेव्हा हा दिव्याचा दोष असणार, असं ऑटो व्हाइट बॅलन्स धरून चालतो आणि तो दोष काढून टाकतो. जेजुरीत सोमवती अमावास्येला भंडाऱ्याने गड पिवळा होतो तेव्हाही हीच गत: पिवळा फिका पडतो, सावल्यांना निळसर झाक येते.

‘कॅमेरे हल्ली खोटं बोलतात’ ही तक्रार चुकीची नाही, पण तिच्यातला ‘हल्ली’ चुकीचा आहे. रंगीत डिजिटल फोटो मुळापासून हिशेबाचाच. सेन्सरला रंग कळत नाही, उजेड किती एवढंच कळतं. म्हणून त्यावर रंगीत गाळण्यांची जाळी बसवतात. कोडॅकच्या ब्राइस बायर यांना जिचं पेटंट 1976 मध्ये मिळालं, ती जाळी आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आहे: दर चार पिक्सेलमागे दोन हिरवे, एक लाल, एक निळा. प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो, उरलेले दोन शेजाऱ्यांकडे बघून भरले जातात. म्हणजे फोटोतली दोन तृतीयांश रंगमाहिती अंदाजाची. अंदाज बहुधा बरोबर येतो. बारीक रेघांच्या शर्टावर भलतेच रंगीत पट्टे नाचू लागतात, तेव्हा तो फसलेला उघड दिसतो. ज्यांना अंदाजच नको, त्यांच्यासाठी लायकाने 2012 मध्ये जाळी नसलेला एम मोनोक्रोम आणला. तो फक्त कृष्णधवल, आणि किंमत लायकाची!

रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, तरी सोवळ्यातली असते, असं अनेक छायाचित्रकार मानतात. सोनीच्या काही अल्फा कॅमेऱ्यांनी ही समजूत मोडली. लांब एक्सपोजरमध्ये एकटाच चमकणारा पिक्सेल म्हणजे नॉइज, असं समजून ते तो पुसून टाकत. त्यात बारीक तारेही पुसले जात, आणि तेही रॉ फाइलमध्येच. आकाशाचे फोटो काढणाऱ्यांनी या कॅमेऱ्यांना ‘तारेखाऊ’ अशा अर्थाचं नाव ठेवलं.

तरी प्रक्रिया म्हणजे फसवणूक, असं मी म्हणणार नाही. मार्क लेवॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गूगलमध्ये केलेलं काम मला या कलेतलं सर्वांत देखणं वाटतं. एकदा बटण दाबलं की फोन मुद्दाम काळपट ठेवलेल्या अनेक फ्रेम घेतो, त्या एकमेकींवर जुळवतो आणि सरासरी काढतो. नॉइज दर फ्रेममध्ये वेगळा पडतो, दृश्य तेच राहतं. त्यामुळे सरासरीत नॉइज विरतो. एकाच साक्षीदाराला पुन्हा पुन्हा विचारून जबानी पक्की करावी, तसं हे. गूगलच्या 2018 च्या पिक्सेल 3 या फोनमध्ये याच्याही पुढची मजल होती. झूम करताना हात थरथरतो, फ्रेम पिक्सेलच्या अंशाने सरकते, आणि आधी जिथे लाल मोजला होता तिथे आता हिरवा किंवा निळा मोजला जातो. बायरच्या जाळीने अंदाजावर सोडलेलं बरंचसं इथे खरोखर मोजलं जातं, तेही फोटोग्राफीत आजवर दोष मानलेल्या थरथरीच्या जोरावर.

सॅमसंगच्या चंद्राची गोष्ट निराळी. 2023 मध्ये एका वापरकर्त्याने चंद्राचा फोटो मुद्दाम धूसर केला, संगणकाच्या पडद्यावर लावला, खोलीत अंधार केला आणि दुरून फोनने टिपला. फोनने त्यात विवरं आणि डाग दाखवले. पडद्यावर ते नव्हतेच. दृश्यात चंद्र आहे हे ओळखून आमची प्रणाली त्याचा तपशील वाढवते, आणि हे बंद करता येतं, असा कंपनीचा खुलासा होता. चंद्र आपल्याकडे कायम एकच बाजू दाखवतो, म्हणून तो पाठ करून ठेवणं सोपं. पण सेन्सरपर्यंत न पोचलेला तपशील फोटोत घालायला सुरुवात झाली, की तिथे मोजणं संपून मानणं सुरू होतं. ही रेघ पुसट आहे खरी, पण ती आहे.

या दोन टोकांच्या मध्ये रोजचे कोट्यवधी फोटो आहेत, आणि त्यांच्याबद्दलची माझी तक्रार खरेखोटेपणाची नसून रुचीची आहे. सावल्या उजळवायच्या, आकाश निळं करायचं, कातडी गुळगुळीत करायची, ही कंपनीची आवड सगळ्यांची होऊन बसते. तिन्हीसांजेचा फोटो दुपारचा वाटतो. फोनची परीक्षणं लिहिणारे यालाच ‘लो लाइटमध्ये उत्तम’ म्हणून वर गुण देतात. प्रत्यक्षात किती अंधार होता, हे कुणी विचारत नाही.

2023 मध्ये आलेल्या लायका एम11-पीमध्ये फोटोवर डिजिटल सही होते: कुठल्या कॅमेऱ्याने, केव्हा टिपला, पुढे त्यात काय फेरफार झाले ते तपासता यावं म्हणून. उपक्रम चांगला, पण ही राखण मुख्यतः फाइल तयार झाल्यानंतरच्या बदलांवर. शटर दाबल्यापासून फाइल बनेपर्यंत किती फ्रेम मिसळल्या, मॉडेलने कुठे आणि कशाची भर घातली, हे साध्या ग्राहकाला वाचता येईल अशा भाषेत सांगणारा फोन माझ्या पाहण्यात अजून आलेला नाही.