मोबाईलवरील मराठी कळफलक : वेग कोणाचा, अचूकता कोणाची?

मोबाईल फोनवर भरभर मराठी लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांचे आपल्याला कौतुक वाटते. परंतु हा वेग त्यांच्या बोटांचा आहे, की पडद्यामागे बसून अंदाज बांधणाऱ्या यंत्राचा, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. लिपी शिकवणाऱ्या शिक्षकांच्या दृष्टीने मात्र तो महत्त्वाचा आहे. म्हणून मराठी लेखनाच्या तीन पद्धती येथे तपासून पाहू. कसोटीला मध्य रेल्वेवरील लागोपाठच्या स्थानकांची नावे घेऊ : ठाणे, कळवा आणि मुंब्रा.

प्रथम पडद्याची अडचण समजून घेऊ. फोनचा पडदा जेमतेम साडेसहा-सात सेंटीमीटर रुंद असतो. एका ओळीत दहा कळा बसवल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला सात मिलिमीटरही येत नाहीत. अंगठ्याचा ठसा बहुधा त्याहून मोठा असतो. फोन त्या ठशावरून एक बिंदू ठरवतो आणि त्या बिंदूखालची कळ दाबली गेली असे मानतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ साली मांडलेल्या नियमानुसार लक्ष्य जितके दूर आणि जितके लहान, तितका तेथे अचूक पोहोचायला वेळ अधिक लागतो. इंग्रजीला २६ कळा पुरतात. मराठीत ३४ व्यंजने, त्यांखेरीज स्वर, काना-मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरे. सगळ्यांना जागा द्यावी तर कळा बारीक होतात आणि बारीक कळांवर चुका वाढतात. खरा पेच हा आहे.

पहिली पद्धत रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याची. अमेरिकेत १८७४ मध्ये बाजारात आलेल्या टंकलेखन यंत्रापासून चालत आलेली अक्षररचना हाताला सवयीची झालेली असते, त्यामुळे ही पद्धत जलद वाटते. पण रोमन लिपीत ल आणि ळ, न आणि ण, त आणि ट यांना सहसा एकच अक्षर वापरले जाते. कळवा हे नाव तर कधी ‘व्ही’ने, कधी ‘डब्ल्यू’ने लिहिलेले दिसते. ठाण्याच्या रोमन लेखनातून ‘थाने’ही वाचता येते. यातले काय हवे ते यंत्र शब्दसंग्रहावरून ताडते आणि आपण समोर आलेल्या शब्दांतून निवड करतो. अंदाज बरोबर आला तर काम फत्ते. चुकला तर चूक सापडणे कठीण, कारण चुकीचा शब्दही पुष्कळदा शुद्धच असतो. दिन आणि दीन, मन आणि मान, बाल आणि बाळ या जोड्या पाहाव्यात. शुद्धलेखन तपासणारी प्रणालीही तेथे आक्षेप घेत नाही. शिवाय मराठी लिहिण्यासाठी मुलाला आधी मराठीचे रोमन स्पेलिंग मनात जुळवावे लागते, हा उलटा घास आहे.

दुसरी पद्धत १९८६ साली प्रमाणित झालेल्या इनस्क्रिप्ट कळफलकाची. यात स्वर डावीकडे आणि व्यंजने उजवीकडे असल्याने दोन्ही हात आळीपाळीने चालतात. ही रचना दहा बोटांसाठी उत्तम आहे. मात्र ख, ठ, ण, ळ यांसारखी अक्षरे ‘शिफ्ट’ कळीच्या आधाराने येतात. टेबलावरच्या कळफलकावर एक बोट शिफ्टवर आणि दुसरे अक्षरावर एकाच वेळी पडते. काचेवर अंगठ्याने बहुधा आधी एक, मग दुसरे दाबावे लागते. रचना जशीच्या तशी फोनवर आणली तर ‘ठाणे’ या दोन अक्षरांना सहा स्पर्श होतात. गुणी रचना, पण घर बदलल्यावर तिचा गुण उणावतो.

तिसरी पद्धत मुंबईच्या आय.आय.टी.तील औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेल्या ‘स्वरचक्र’ची. हा कळफलक २०१३ मध्ये अँड्रॉइड फोनसाठी उपलब्ध झाला. यात व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने मांडली आहेत. व्यंजनावर बोट ठेवताच त्याभोवती बाराखडीचे चक्र उमटते आणि बोट हव्या त्या दिशेला सरकवले की काना-मात्रा लागते. ‘ठाणे’ दोन स्पर्शांत, ‘कळवा’ तीन स्पर्शांत पूर्ण होतो. पाय मोडलेले व्यंजन निवडले की पुढे कोणती जोडाक्षरे होतील ती कळांवरच दिसतात. लेखन करता करता बाराखडीची उजळणी होते. शिक्षकाला याहून काय हवे?

तरीही दोष सांगितले पाहिजेत. स्पर्श कमी झाले म्हणून वेळ त्याच प्रमाणात कमी होत नाही, कारण सरकवण्याला नुसत्या टिचकीपेक्षा अधिक वेळ लागतो. चक्राचा काही भाग बोटाखालीच झाकला जातो. आणि वर्णमालेचा क्रम अक्षर शोधायला सोपा असला, तरी वारंवार लागणारी अक्षरे जवळ आणि मोठी असावीत ही फिट्सच्या नियमातून निघणारी अपेक्षा तो पुरी करत नाही. शिकण्याचा क्रम आणि वेगाचा क्रम एकच असतो असे नाही.

यातून एक निष्कर्ष काढता येतो. लिपी अजून हातात बसलेली नाही अशा विद्यार्थ्याला वर्णमालेवर बेतलेला कळफलकच द्यावा, मग सुरुवातीचा वेग कमी का असेना. ज्याला ल आणि ळ यांतला फरक पक्का माहीत आहे, त्याने यंत्राचा अंदाज खुशाल वापरावा. तो चुकीचा शब्द ओळखू शकतो. ज्याला तो फरक ठाऊक नाही, त्याच्यासाठी यंत्राची मदत ही झाकलेली चूक ठरते.

शिक्षकांनी वर्गात हे तपासून पाहावे. दहा वाक्ये निवडून त्यांत ळ, ॲ आणि ‘दर्या-दऱ्या’ यांसारखे शब्द मुद्दाम घालावेत. ज्या कळफलकावर ‘दऱ्या’ लिहिता येत नाही तो मराठीला अपुरा आहे. निम्म्या मुलांनी एक पद्धत आधी वापरावी, निम्म्यांनी दुसरी, म्हणजे सरावाचा फायदा एकाच पद्धतीला मिळणार नाही. मोजणी दाबलेल्या कळांची नको, मिनिटाला लिहिलेल्या अचूक अक्षरांची हवी. ‘मुंब्रा’ डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो, पण युनिकोडमध्ये त्याचे सात संकेत होतात. म्हणून काय मोजायचे ते आधी ठरवावे. चूक दुरुस्त करण्याचा वेळही हिशेबात धरावा. आठवडाभर सराव करून हीच चाचणी पुन्हा घ्यावी. पहिल्या दिवशी जिंकलेली पद्धत आठव्या दिवशीही जिंकते का, हे पाहण्यासारखे आहे.